वारंवारतेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न : मिलिमीटर लहरी, इलेक्ट्रॉनचा झोत आणि जायरोट्रॉन

माझी सगळी नोकरी गोव्याबाहेर, निर्वात नळ्यांच्या संगतीत गेली. आता फोंड्याजवळ गावच्या घरी परतलोय. वाचनालयं आणि उच्च माध्यमिक विद्यालयं अधूनमधून बोलावतात, जाऊन मिलिमीटर लहरींवर आणि त्या भरपूर शक्तीने निर्माण करणाऱ्या जायरोट्रॉन या नळीवर बोलतो. साखळी असो वा काणकोण, व्याख्यानानंतरचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. प्रश्नांची भाषा विचारणाऱ्यांचीच आहे. उत्तरांत माझे पूर्वग्रह डोकावतील, ते चालवून घ्या.

मिलिमीटर लहरी म्हणजे नेमक्या कोणत्या?

ज्यांची तरंगलांबी १० मिलिमीटर ते १ मिलिमीटर असते त्या. वारंवारतेच्या भाषेत ३० ते ३०० गिगाहर्ट्झ. घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनची लहर १२ सेंटिमीटरची, म्हणजे साधारण अर्धी वीत. मिलिमीटर लहर मात्र तांदळाच्या दाण्यापासून मोहरीपर्यंतच्या मापाची. पुढचे सगळे फायदे आणि सगळी डोकेदुखी या मापातूनच येते.

मोबाईलवाले या लहरी चिपमधूनच काढतात ना? मग इलेक्ट्रॉनचा झोत कशाला?

प्रश्न शक्तीचा आहे. ९४ गिगाहर्ट्झला एखादी चांगली गॅलियम नायट्राइडची चिप काही वॅट देते. संदेश पाठवायला तेवढं पुष्कळ झालं. पण कोट्यवधी अंशांचा प्लाझ्मा (इतका तापलेला वायू की अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे झालेले) तापवायचा असेल तर लाखो वॅट लागतात, आणि तिथे चिपच्या राशी रचूनही भागत नाही.

चिपमध्ये इलेक्ट्रॉन घन पदार्थातून वाट काढतात आणि अणूंवर आदळत जातात. त्यातून जी उष्णता निघते ती त्याच इवल्याशा तुकड्यात साठते. निर्वात नळीत इलेक्ट्रॉनच्या वाटेत काहीच नसतं. तो एका टोकाला सुटतो, मध्ये आपली ऊर्जा लहरीला देतो आणि उरलेली घेऊन दुसऱ्या टोकाला असलेल्या तांब्याच्या भल्यामोठ्या भांड्यात जाऊन पडतो. लहर तयार होण्याची जागा वेगळी आणि कचरा टाकण्याची जागा वेगळी. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एकाच खोलीत नसणं किती सोयीचं, ते जुन्या घरांत राहिलेल्यांना सांगायला नको.

पण इलेक्ट्रॉनमधली ऊर्जा लहरीत जाते कशी?

इलेक्ट्रॉनला विद्युतक्षेत्राने अडवलं की त्याची गती कमी होते. जेवढी गतिज ऊर्जा त्याने गमावली तेवढी क्षेत्राला, म्हणजे लहरीला मिळते. उलट क्षेत्राने त्याला ढकललं तर लहरीची ऊर्जा इलेक्ट्रॉनकडे जाते. झोतातले इलेक्ट्रॉन विस्कळीत आले तर निम्मे देतील, निम्मे घेतील, आणि हिशेब शून्यावर येईल.

म्हणून या धंद्यातलं खरं काम म्हणजे इलेक्ट्रॉनचे घोळके करणं आणि प्रत्येक घोळका बरोबर त्या क्षणी आणून उभा करणं, जेव्हा लहर त्याला अडवत असते. क्लायस्ट्रॉन (१९३७, स्टॅनफर्डला व्हेरियन बंधू) हे झोताला मागेपुढे वेग देऊन करतो. कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन (१९४०, बर्मिंगहॅमला रँडल आणि बूट) चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गोल फिरवून करतो. नळ्यांची नावं पन्नास असतील, पण हे घोळक्याचं गणित सगळ्यांत सारखंच.

मग क्लायस्ट्रॉन किंवा मॅग्नेट्रॉनच लहान करून वापरा की!

करून पाहिलं आहे, आजही करतात, आणि एका हद्दीपर्यंत ते चालतं. पण या जुन्या नळ्यांत धातूच्या पोकळ्या, कप्पे, दाते यांचं माप तरंगलांबीला बांधलेलं असतं. लहर १० सेंटिमीटरची असेल तर कप्पाही हातात मावेल एवढा. लहर ३ मिलिमीटरची झाली की झोत ज्या भोकातून जातो ते मिलिमीटरच्या काही दशांशांएवढं उरतं.

आता तीन गोष्टी एकदम अंगावर येतात. पहिली म्हणजे त्या भोकातून फार झोत जात नाही, आणि थोडा जरी काठाला घासला तरी धातू वितळतो. दुसरी म्हणजे धातूच्या भिंतींचं क्षेत्रफळ घटतं, उष्णता मात्र तेवढ्याच जागेतून बाहेर काढायची असते. तिसरी म्हणजे वारंवारता वाढली की विद्युतप्रवाह धातूच्या अगदी वरच्या कातडीतूनच वाहतो. १७० गिगाहर्ट्झला तांब्यातली ही कातडी साधारण ०.१६ मायक्रॉन जाडीची असते. तिथे घासकामाचा बारीकसा ओरखडासुद्धा डोंगरासारखा आडवा येतो.

म्हणून अशा नळ्यांची शक्ती ढोबळमानाने वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जाते. वारंवारता दुप्पट, तर शक्ती चौथाई. या जातीच्या नळ्या टाकाऊ मात्र नाहीत. २००६ साली सुटलेल्या क्लाउडसॅट उपग्रहावर ९४ गिगाहर्ट्झचं जे ढगांचं रडार होतं, त्यात क्लायस्ट्रॉनच्याच कुळातली नळी होती, आणि तिने अवकाशात वर्षानुवर्षं काम केलं. पण मेगावॅट हवा असेल तर हा रस्ता बंद.

जायरोट्रॉन काय वेगळं करतो? सोप्या भाषेत सांगा.

चवथीला देवळाच्या चौकात बायका फुगड्या घालताहेत अशी कल्पना करा. एकच मोठी फुगडी नाही. चौकाच्या कडेने गोल रिंगण धरून शंभर जोड्या, आणि प्रत्येक जोडी आपापल्या जागी गरगर फिरतेय. जायरोट्रॉनमधला झोत असा असतो. वरून पाहिलं तर पोकळ नळीसारखं एक कडं, आणि त्या कड्यातला प्रत्येक इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषेभोवती स्वतःची छोटी फुगडी घालत पुढे सरकतोय.

फुगडीचा वेग ठरवतो चुंबक. एक टेस्ला क्षेत्रात इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे २८ अब्ज घिरट्या घालतो, म्हणजे २८ गिगाहर्ट्झ. सहा-सात टेस्ला द्या, १७० गिगाहर्ट्झच्या आसपास पोचता. वारंवारता ठरवण्याचं मुख्य काम इथे चुंबकाकडे गेलं, धातूच्या बारीक दात्यांकडे नाही. खरी सुटका ही. पोकळी आता तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठी, गुळगुळीत आणि साधी नळकांड्यासारखी ठेवता येते. झोत भिंतीपासून लांब राहतो, उष्णता मोठ्या जागेवर पसरते.

आता ढोल वाजतोय असं समजा. ढोल म्हणजे पोकळीत घुमणारी लहर. सुरुवातीला शंभर जोड्यांची तोंडं शंभर दिशांना. ढोलाचा ठेका काहींना किंचित रेटतो, काहींना किंचित अडवतो. थोड्या वेळाने बहुतेक जोड्या एकाच क्षणी एकाच दिशेला तोंड करून फिरू लागतात. घोळका झाला! फरक एवढाच की हा घोळका जागेत नसून फिरण्याच्या टप्प्यात आहे. मग लहरीची वारंवारता फुगडीच्या वारंवारतेपेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे जमलेला घोळका बरोबर अडवणाऱ्या बाजूला घसरतो आणि सगळे मिळून लहरीला ऊर्जा देतात. शिगम्याच्या रोमटामेळात नाचणाऱ्यांकडून ढोलालाच बळ मिळतं असं वाटतं ना, तसं. इथे ते अक्षरशः खरं आहे.

यात आइन्स्टाइनचं काय काम?

जास्त ऊर्जेचा इलेक्ट्रॉन जड होतो, म्हणून हळू फिरतो. ऊर्जा गमावलेला हलका होतो, म्हणून भरभर फिरतो. हा फरक नसता तर ढोल कितीही वाजवा, फुगड्या एका ठेक्यात आल्याच नसत्या. ८० हजार व्होल्टला इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या निम्म्यावर पोचतो आणि तो साधारण १६ टक्के ‘जड’ होतो. घोळका व्हायला तेवढं पुरतं. सापेक्षतावाद फक्त कृष्णविवरांसाठी असतो असं मानणाऱ्या विज्ञानशिक्षकांना मी हे उदाहरण मुद्दाम देतो.

म्हणजे हा लेझरच की!

चुलत भाऊ म्हणा. जुन्या लेखांत याला सायक्लोट्रॉन अनुनादी मेसर म्हणायचे. मेसर म्हणजे मायक्रोवेव्हचा लेझर.

शोध कोणी लावला?

तत्त्व १९५८-५९ मध्ये तिघांनी स्वतंत्रपणे मांडलं: ऑस्ट्रेलियात ट्विस, अमेरिकेत श्नायडर, सोव्हिएत संघात गापोनोव्ह. त्याची चालती नळी करून दाखवली ती गॉर्की शहरातल्या मंडळींनी, १९६४ मध्ये. तेच शहर आता निझनी नोव्हगोरोद. त्या काळी परदेशी माणसाला तिथे प्रवेश नव्हता, त्यामुळे बाहेरच्या जगाला पत्ता लागायला वेळ लागला.

पण मिलिमीटर लहरींची गोष्ट सांगायची तर सुरुवात आपल्याकडेच करावी लागते. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात मिलिमीटर लहरी पाठवून दूरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. त्यांच्या लहरींची लांबी ५ मिलिमीटरपर्यंत खाली गेली होती. त्यांचा स्रोत ठिणगीचा. इलेक्ट्रॉनचा झोत वापरणं त्यांना शक्यच नव्हतं, कारण थॉमसननी इलेक्ट्रॉन शोधला तो १८९७ मध्ये.

एका खऱ्या जायरोट्रॉनचे आकडे सांगाल?

१७० गिगाहर्ट्झ, एक मेगावॅटची नळी घेऊ. हलकी अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या आंतरराष्ट्रीय संलयन प्रकल्पासाठी, म्हणजे इटरसाठी, जी बनवली जाते तीच. उभी, माणसापेक्षा उंच. खालून वर चढत जाऊ.

तळाशी इलेक्ट्रॉनची बंदूक. हजार अंशांच्या आसपास तापलेलं, बांगडीसारखं कॅथोड. टंगस्टनच्या सच्छिद्र कड्यात बेरियमची संयुगं मुरवलेली असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन सहज सुटतात. व्होल्टेज ८० हजार, प्रवाह ४० अँपिअर. गुणाकार केलात तर ३.२ मेगावॅट झोतात चालले.

वर जाताना चुंबकीय क्षेत्र वाढत जातं, झोत आवळला जातो आणि पुढे जाण्याची गती कमी होऊन फिरण्याची वाढते. पोकळीत पोचेपर्यंत फिरण्याचा वेग पुढे सरकण्याच्या वेगाच्या सव्वापटीच्या वर गेलेला असतो. प्रत्येक फुगडीची त्रिज्या मात्र मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी.

पोकळी म्हणजे सुमारे १८ मिलिमीटर त्रिज्येचं तांब्याचं नळकांडं. एवढ्याशा जागेत मेगावॅट जन्माला येतो. भिंतीच्या दर चौरस सेंटिमीटरवर दोन किलोवॅटच्या आसपास उष्णता पडते. घरातली इंडक्शन शेगडी पूर्ण जोरावर चालवा आणि तिची सगळी धग अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर आणा. ती जागा बाहेरून पाण्याने सतत गार करायची.

पोकळीतली लहर फार गुंतागुंतीच्या आकाराची असते. आधीच्या एका जपानी नळीत तिचं नाव टीई-३१,८. परिघावर ३१ लाटा आणि त्रिज्येवर ८, असं समजा. तिला आतल्याच आरशांनी वळवून, आवरून एका सरळ झोतात बसवतात. तो झोत बाजूच्या खिडकीतून बाहेर पडतो आणि दमलेले इलेक्ट्रॉन सरळ वर जाऊन कलेक्टरवर, म्हणजे त्या तांब्याच्या भांड्यावर, पडतात. हा कलेक्टर येणाऱ्या इलेक्ट्रॉनना विरोध करेल अशा व्होल्टेजवर ठेवतात. गाडी चढणीवर सोडली की आपोआप थांबते, तसे ते मंदावतात, आणि वाचलेली ऊर्जा वीजपुरवठ्याच्या खात्यात परत जमा होते. ही युक्ती नसेल तर ३.२ मेगावॅटमधून एक, म्हणजे ३१ टक्के. युक्तीने ५० टक्क्यांवर जातं. माझ्या मते मेगावॅट नळीच्या इतिहासातली सर्वांत कमी कौतुक झालेली कल्पना ही.

खिडकी हिऱ्याची असते म्हणे. खरा हिरा?

खराच, पण खाणीतला नव्हे. मिथेन आणि हायड्रोजनच्या प्लाझ्मातून हळूहळू वाढवलेली चकती. व्यास सुमारे १० सेंटिमीटर, जाडी १.८५ मिलिमीटर. ही जाडी मनाला येईल तशी घेतलेली नाही. हिऱ्याच्या आत १७० गिगाहर्ट्झच्या लहरीच्या बरोबर पाच अर्ध्या लांब्या तेवढ्यात बसतात, म्हणून लहर परावर्तित न होता आरपार जाते.

काच किंवा सिरॅमिक का नाही? मेगावॅट आरपार जाताना खिडकीत अर्ध्या किलोवॅटच्या आसपास उष्णता राहतेच. हिरा ती तांब्याच्या चार-पाच पट वेगाने कडेला वाहून नेतो, तिथे पाणी तिला घेऊन जातं. हिरा येण्याआधी नीलमणी, बोरॉन नायट्राइड वगैरे वापरत, आणि मेगावॅटची नळी काही सेकंदांतच थांबवावी लागे. गावातल्या एका सोनाराने मला विचारलं होतं की नळी बाद झाल्यावर ते हिरे काय करतात. अंगठीत घालता येणार नाहीत, एवढंच सांगितलं. पैलू पाडायला जाडीच नाही.

चुंबक केवढा लागतो?

पावणेसात टेस्लाच्या आसपास. गोव्यात पृथ्वीचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्लांच्या जवळपास आहे, त्याच्या दीड लाखाहून अधिक पट. तांब्याच्या वेटोळ्याने हे सतत करणं परवडत नाही, म्हणून नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचा अतिवाहक चुंबक, उणे २६९ अंशांवर. पूर्वी द्रव हेलियममध्ये बुडवायचे, आता क्रायोकूलर, म्हणजे एक शीतयंत्र, लावून हेलियम न ओतताही चालवतात. ४२ गिगाहर्ट्झला मात्र दीड-पावणेदोन टेस्ला पुरतं.

एवढी शक्ती घेऊन करायचं काय?

सर्वांत मोठं गिऱ्हाईक संलयन ऊर्जा. टोकामॅक या मेदुवड्याच्या आकाराच्या संलयन यंत्रातला प्लाझ्मा चुंबकीय पिंजऱ्यात असतो, आणि तिथले इलेक्ट्रॉनही फुगड्याच घालत असतात. त्यांच्याच ठेक्याची लहर आत सोडली की ते ती शोषून घेतात आणि तापतात. गंमत अशी की क्षेत्र प्लाझ्मात जागोजागी बदलतं, म्हणून लहर नेमक्या एका थरातच शोषली जाते. कुठे तापवायचं ते आरसा फिरवून ठरवता येतं. फ्रान्समधल्या इटरच्या मूळ आराखड्यात असे २४ जायरोट्रॉन आहेत, त्यातले दोन भारताच्या वाट्याचे. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डचं वेंडेलश्टाइन ७-एक्स हे यंत्र १४० गिगाहर्ट्झच्या जायरोट्रॉननीच प्लाझ्मा तापवतं.

दुसरं टोक अगदी वेगळं. रसायनशास्त्रातल्या एनएमआर यंत्रात (अणुकेंद्रकांच्या चुंबकत्वावरून रेणूची रचना ओळखणारं यंत्र) २६३ गिगाहर्ट्झच्या छोट्या जायरोट्रॉनची काही दशक वॅट लहर सोडली तर इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व अणुकेंद्रकांकडे सरकवता येतं आणि क्षीण संकेत कितीतरी पटींनी वाढतो. प्रोटॉन ४०० मेगाहर्ट्झने डोलतो अशा यंत्राला २६३ का, तर प्रोटॉनपेक्षा इलेक्ट्रॉन ६५८ पट वेगाने डोलतो. करा गुणाकार.

सिरॅमिक भाजण्यासाठीही वापर होतो. खडक वितळवून खोल भूगर्भीय उष्णतेपर्यंत भोक पाडण्याची कल्पना अमेरिकेत एमआयटीतून निघाली आणि त्यावर काम चालू आहे. पत्रकार नेहमी याच एका गोष्टीवर उडी मारतात. मला ती आवडते, पण वितळलेला खडक खोलवरून वर कसा आणायचा, ही अडचण नळीपेक्षा मोठी आहे.

भारतात हे कुठे चालतं? गोव्यात?

गोव्यात ‘पिलानी’ म्हटलं की झुआरीनगरचं बिट्स डोळ्यांपुढे येतं. मूळ पिलानीत, राजस्थानात, बिट्सच्या शेजारीच सीरी ही सीएसआयआरची (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची) इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा आहे, १९५३ पासूनची. आपल्याकडची निर्वात नळ्यांची परंपरा बरीचशी तिथे वाढली. (सीएसआयआरचे महासंचालक राहिलेले रघुनाथ माशेलकर मूळ आपल्या माशेलचे, हे सांगितल्याशिवाय माझं कुठलंच व्याख्यान संपत नाही.) ४२ गिगाहर्ट्झ, २०० किलोवॅटच्या भारतीय जायरोट्रॉनचा प्रकल्प सीरीच्या पुढाकाराने झाला. सोबतीला गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, मुंबईची समीर ही मायक्रोवेव्ह संशोधन संस्था, बनारस हिंदू विद्यापीठ आणि आयआयटी रुडकी. ४२ हा आकडा गांधीनगरच्या एसएसटी-१ टोकामॅकसाठी. त्याचं दीड टेस्ला क्षेत्र गुणिले २८, बरोबर ४२. बेंगळुरूला डीआरडीओची मायक्रोवेव्ह नळ्यांची प्रयोगशाळा आहे, पण तिथला भर ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब या दुसऱ्या जातीच्या नळीवर.

गोव्यात नळी बनवली जात नाही. पण गणित आणि संगणकावरचं अनुकरण करायला नळी समोर असावी लागत नाही. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या किंवा झुआरीनगरच्या मुलांनी इथे बसून पोकळीचा आराखडा करावा, त्यात काही अशक्य नाही.

आमच्या पावसात या लहरी टिकतील?

वर्तमानपत्रात दर पावसाळ्यात बातमी येते की पावसाने इंचांचं शतक ठोकलं. मिलिमीटर लहरीला ही बातमी वाईट. पावसाचा थेंब एक ते पाच मिलिमीटरचा, लहरही तेवढीच, त्यामुळे थेंब तिला जोरात विखुरतो आणि शोषतो. ताशी २५ मिलिमीटर पावसात ९४ गिगाहर्ट्झची लहर एका किलोमीटरमध्ये साधारण दहावा हिस्सा उरते. पणजीत आल्तिनोवरचं हवामान खात्याचं डॉप्लर रडार १० सेंटिमीटरच्या लहरीवर चालतं. त्याला हाच पाऊस जवळजवळ आडवाच येत नाही, म्हणून ते समुद्रावरचे पावसाचे ढग लांबूनच पाहू शकतं.

कोरड्या हवेतही ६० गिगाहर्ट्झला प्राणवायू दर किलोमीटरला १५ डेसिबल खातो, म्हणजे लहर साधारण तिसाव्या हिश्श्याएवढी उरते. ३५ आणि ९४ ही त्यातल्या त्यात मोकळी दारं आहेत, म्हणून ढगांची रडारं तिथे सापडतील. पावसाआधीच्या ढगातले बारीक जलकण १० सेंटिमीटरच्या लहरीला दिसतच नाहीत, या लहरींना दिसतात. जायरोट्रॉनच्या मेगावॅटला मात्र पावसाची पर्वा नाही. तो पन्नास-शंभर मीटर नळातून किंवा आरशांवरून छपराखालीच जातो.

या कामात सर्वांत अवघड काय? गणित?

गणित अवघड आहे, पण ते पुस्तकात सापडतं. अवघड आहे ते तांबं, आणि आत हवा शिरू न देणं.

नळीच्या आत निर्वात एवढा लागतो की दाब वातावरणाच्या लाखकोटीव्या हिश्श्याच्याही खाली. तांबं ऑक्सिजनमुक्त. तांबं आणि सिरॅमिक यांचे सांधे भट्टीत ब्रेझ करायचे (मध्ये मिश्रधातू वितळवून जोडायचे), मग आख्खी नळी काही दिवस चारशे-पाचशे अंशांवर भाजत पंप चालू ठेवायचा, म्हणजे धातूत मुरलेला वायू निघून जाईल. मी ज्या ठिकाणी होतो तिथे एकदा एक सांधा गळका निघाला. थंड असताना ठीक, तापल्यावर गळायचा. बाहेरून हेलियमची फवारणी करत गळती शोधण्याचं यंत्र लावून आम्ही तीन आठवडे घालवले. शेवटी केसापेक्षा बारीक भेग निघाली, ब्रेझिंगच्या तारेचं एक टोक नीट न बसल्याने. दुसऱ्या वेळी एका नव्या मुलाने हातमोजा काढून कॅथोडचा आधार सरळ केला. बोटाचा ठसा! कॅथोडने पूर्ण प्रवाह कधीच दिला नाही. मुलाला ओरडावं की आधीच न सांगितल्याबद्दल स्वतःला, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

दुसरी डोकेदुखी लहरींच्या गर्दीची. पोकळी मोठी ठेवण्याची सोय मिळाली, पण तिची किंमत अशी की त्याच जागेत शेजारशेजारच्या वारंवारतेच्या अनेक लहरी घुमू शकतात. हवी ती टीई-३१,८ आणि उठते भलतीच. झोताचं कडं नेमक्या त्रिज्येवर ठेवून आणि व्होल्टेज ठरावीक वाटेने चढवून हव्या त्या लहरीला आधी मैदान मिळवून द्यावं लागतं. पोकळीची त्रिज्या १० मायक्रॉनने चुकली तर वारंवारता ९५ मेगाहर्ट्झने हलते. तापल्यावर पोकळी फुगते, तेव्हाही हलते. खराद्यावर बसलेला माणूस या विषयात प्राध्यापकाएवढाच महत्त्वाचा आहे. पगार मात्र त्याला तसा मिळत नाही.

आणि किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे दमट, खारी हवा. ८० हजार व्होल्टच्या सिरॅमिकवर ओलावा बसला की बाहेरूनच ठिणगी जाते. त्यासाठी तो भाग तेलात बुडवतात.

कर्करोग होतो का? मोबाईलच्या मनोऱ्याबद्दलही सांगा.

मिलिमीटर लहरीच्या कणात रेणूतला बंध तोडण्याएवढी ऊर्जा नसते. ती तापवते. ९५ गिगाहर्ट्झची लहर कातडीत ०.४ मिलिमीटरच्या आसपासच शिरते. अमेरिकी सैन्याने जमाव पांगवण्यासाठी याच वारंवारतेचं यंत्र केलं, अंगावर पडताच असह्य भाजल्यासारखं वाटतं. डोळे जपायचे, हे खरं.

जायरोट्रॉनशेजारी मला भीती वाटायची ती दुसऱ्याच गोष्टींची. ८० हजार व्होल्टचे इलेक्ट्रॉन तांब्यावर आदळले की क्ष-किरण निघतात, दवाखान्यातल्या नळीसारखेच. म्हणून भोवती शिसं, आणि चालू असताना खोलीत कोणी नाही. दुसरी भीती उच्च व्होल्टेजची. तिसरी चुंबकाची: खिशातला स्क्रूड्रायव्हर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

मनोऱ्याचा याच्याशी संबंध नाही. तिथली शक्ती वॅटमध्ये, आणि भारताने २०१२ मध्ये मोबाईल मनोऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याची मर्यादा घातली होती.

माझ्या मुलीला यात जायचं आहे. काय शिकावं?

विद्युतचुंबकशास्त्र, मन लावून. पदवी भौतिकशास्त्राची की इलेक्ट्रॉनिक्सची, याने फार फरक पडत नाही. सोबत निर्वात तंत्र आणि थोडं तरी यंत्रकाम. लिहिता येईल तो प्रोग्राम स्वतः लिहावा: एका चुंबकीय क्षेत्रात शंभर इलेक्ट्रॉन सोडा, एक लहर लावा आणि त्यांचे टप्पे एकत्र येतात का ते पाहा. दोनशे ओळींत होतो. विकतचं सॉफ्टवेअर नंतर.

घरी काही पाहता येईल?

बिघडलेल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधला मॅग्नेट्रॉन. तोही इलेक्ट्रॉनच्या झोतावरच चालतो, फक्त लहर १२ सेंटिमीटरची. पण ओव्हन स्वतः उघडू नका. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही प्राणघातक भार धरून ठेवतो. दुरुस्तीवाल्याकडून सुटा काढलेला मागून घ्या. त्याचं पांढरं-गुलाबी सिरॅमिक फोडू नका, काही नळ्यांत बेरिलियमचं ऑक्साइड असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक. बाहेरच्या पत्र्याच्या पट्ट्या आणि चुंबकाची दोन कडी मात्र खुशाल सोडवा. मध्ये जे तांब्याचं नळकांडं दिसेल, त्याच्या आत बहुधा दहा पाती, आणि मधोमध कॅथोड. मी व्याख्यानाला कापून ठेवलेला एक घेऊन येतो. तो मुलांच्या हातातून फिरून परत माझ्याकडे येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून आयोजकांनी चहा थोडा उशिरा ठेवावा.